पाण्याचे राखणदार



भाषेच्या अध्यापकाने पाण्यावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. माझ्यापुरते कारण जुने आहे. माझी आजी पिण्याचे पाणी दुहेरी धोतराच्या फडक्यातून गाळून तांब्याच्या घागरीत भरी. नितळ दिसले की शुद्ध, हा तिचा निकष. फडक्यात गाळ अडे, विषमज्वराचे जंतू अडत नसत. एका पावसाळ्यात आमच्या वाड्यातील तीन मुले त्या तापाने अंथरुणाला खिळली. त्यांतले एक उठले नाही. पाणी तेव्हाही नितळच होते.

बऱ्हाणपुराला पाण्याची थोरवी सांगावी लागत नाही. १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानाने येथे कुंडी भांडारा उभारविला. (त्याला 'खुनी भांडारा' का म्हणतात, याविषयीच्या लोकप्रिय व्युत्पत्तींवर माझा फारसा विश्वास नाही.) सातपुड्याच्या डोंगरात मुरलेले पावसाचे पाणी भूगर्भातून तापीकडे सरकते. त्याला वाटेतच भुयारात अडवायचे आणि केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणायचे, अशी ही योजना. ओळीने खोदलेल्या शंभराहून अधिक कुंड्यांतून भुयाराला हवा मिळते आणि माणसाला आत उतरता येते. पाणी उघड्यावर वाहत नसल्याने ते मळण्याची भीतीही कमी. मात्र पाण्यातील चुना हवा लागताच भिंतींवर बसतो आणि थरांवर थर चढून वाट अरुंद होते. म्हणजे उत्तम बांधकामालाही सतत खरवडणारे हात लागतात. २०२४ साली हा भांडारा युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेला. मानाची गोष्ट खरी, पण त्या यादीने चुना निघत नाही.

याच जाणिवेचा दुसरा पुरावा आपल्या वाङ्मयात आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या 'आज्ञापत्रा'त रामचंद्रपंत अमात्यांनी किल्ल्याच्या जागी आधी पाणी पाहण्यास सांगितले आणि साठवलेले पाणी राखण्याविषयीही ताकीद दिली.

परंतु राखणे म्हणजे केवळ पहारा नव्हे, तपासणेही आहे. १९५५ च्या डिसेंबरात दिल्लीत काविळीची मोठी साथ उसळली आणि सुमारे एकोणतीस हजार लोक तिने पिवळे पडले. यमुनेच्या पुरानंतर प्रवाह बदलला आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी वजिराबादच्या उपशाच्या जागेपर्यंत पोहोचले. जलशुद्धीकरण केंद्रावर क्लोरीनची मात्रा वाढविण्यात आली होती, त्यामुळे जिवाणूंचे रोग फारसे फैलावले नाहीत. विषाणू मात्र त्यातून निसटला. जपून ठेवलेल्या रक्तद्रवाच्या तपासणीवरून पुढे कित्येक वर्षांनी तो हेपॅटायटिस 'ई' असल्याचे निष्पन्न झाले. जंतू मोजणाऱ्या यंत्रणेची नजर जेथवर पोहोचते तेथवरच तिचे संरक्षण, हा त्या साथीचा धडा.

१९५८ मध्ये नागपुरात, म्हणजे एकेकाळच्या आपल्याच प्रांताच्या राजधानीत, केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. आज तिला आपण 'नीरी' म्हणून ओळखतो. पाण्याचे राष्ट्रीय मानक भारतीय मानक ब्यूरो ठरवते. त्यानुसार शंभर मिलिलिटर पाण्यात विष्ठाजन्य ई. कोलाय जिवाणू एकही असू नये, फ्लोराइड लिटरला एक मिलिग्रॅमच्या आत असावे, नायट्रेट पंचेचाळीसच्या आत. नद्यांत सांडपाणी सोडणाऱ्यांसाठी १९७४ च्या कायद्याने प्रदूषण नियंत्रण मंडळे आली. गावात नळ पोहोचविणे आपल्या राज्यात लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाचे काम, शहरात महापालिकेचे. एक मोजतो, दुसरा मानक ठरवतो, तिसरा पाणी सोडतो. चौकट चांगली आहे, पण चौघांत एक काम वाटून दिले की कोणाचेच नाही असेही होते, हे आपण घराघरांत पाहतो.

जुलै २०२२ मध्ये बऱ्हाणपूर हा देशातील पहिला 'हर घर जल' प्रमाणित जिल्हा ठरला. दोनशे चौपन्न गावांच्या ग्रामसभांनी तसे ठराव केले आणि एक लाखाहून अधिक घरांत नळ आला. २०१९ मध्ये हे प्रमाण सदतीस टक्क्यांच्याही आत होते. डोक्यावरचा हंडा उतरला, ही गोष्ट मी लहान मानत नाही. पण नळ म्हणजे शुद्धता नव्हे. म्हणूनच जल जीवन अभियानात प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची तरतूद आहे.

तपासणीची एक साधी बाटली असते. तीत पाणी भरून ठेवावे. एक-दोन दिवसांत ते काळे पडले, तर त्यात मैला मिसळल्याची शंका घ्यावी. रसायनाचे हे काम माझ्या आजीलाही सहज जमले असते. अवघड भाग त्यापुढचा. काळी बाटली हातात घेऊन ती ताई कोणाच्या दारी जाणार, आणि तो दरवाजा उघडेपर्यंत गावातील मुले कोणते पाणी पिणार?