पडद्यापलीकडून उत्तर हवे

मे २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने राज्यातील सरकारी कार्यालयांपुढे दीडशे दिवसांचा एक कार्यक्रम ठेविला. कार्यालयाचे संकेतस्थळ सुधारावे, ‘आपले सरकार’वरील सेवा वाढवाव्यात, टिप्पणी आणि पत्रव्यवहार ई-ऑफिसमधून चालवावा, कामाची स्थिती दाखविणारा डॅशबोर्ड असावा, नागरिकांच्या प्रश्नांना व्हॉट्सॲपवर उत्तर मिळावे, नकाशे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांचा उपयोग करावा, असे त्याचे स्वरूप होते. त्याआधी फेब्रुवारीत व्हॉट्सॲपवरून शासकीय सेवा देण्याविषयी मेटा कंपनीशी करारही झाला होता. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण ज्या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या खरी ठरत आली, त्या राज्यात अशा उद्योगाचे स्वागत न करण्याइतके आम्ही कद्रू नाही.

परंतु स्वागत करून थांबणे हे वृत्तपत्राचे काम नव्हे. या नव्या साधनांचे वैशिष्ट्य असे, की ती दुतर्फी आहेत. जुन्या सरकारी संकेतस्थळावर मंत्र्यांचे छायाचित्र आणि शासननिर्णयांची यादी असे. नागरिकाने ती पाहावी आणि परत फिरावे. आता तो लिहू शकतो, विचारू शकतो, चूक दाखवू शकतो. त्याने असे लिहिले, की पडद्यापलीकडे ते वाचण्याची आणि त्याला उत्तर देण्याची जबाबदारी नेमकी कोणाची? हा प्रश्न सुटला तर साधने सार्थकी लागतील. न सुटला तर जुन्या टपालपेटीला नवा रंग दिल्यासारखे होईल.

हा प्रश्न समजून घ्यावयाचा तर मुंबईतील सादरीकरणांपेक्षा नांदेड जिल्ह्याच्या सीमेवरील धर्माबादकडे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. मिरचीच्या बाजारपेठेसाठी नावाजलेले हे गोदाकाठच्या तालुक्याचे गाव. येथून गाडी निघाली, की पलीकडे बासर आणि तेलंगणा. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. दरबाराची भाषा आधी फारसी, पुढे उर्दू. घरी मराठी किंवा तेलुगू बोलणाऱ्या कुणब्याच्या जमिनीची नोंद अशा लिपीत होई, की जी त्याला वाचता येत नसे. स्वतःच्या शेताविषयी सरकारने काय लिहून ठेविले आहे, हे कळण्यासाठी त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागे. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी २०२३ मध्ये मराठवाड्यातील जुनी दप्तरे उघडली गेली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारे जाणकार शोधावे लागले. आपल्याच पूर्वजांचे कागद आपणांस वाचता येत नाहीत, हे त्या वेळी अनेक सुशिक्षित घराण्यांनाही नव्याने उमगले.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीचे महत्त्व कळते. सातबाऱ्यात गाव नमुना सात हा हक्काचा आणि नमुना बारा हा पिकाचा. शेतात काय उभे आहे हे त्या नमुन्यात लिहिण्याचे काम तलाठ्याचे. त्याने ते बांधावर जाऊन करावे अशी अपेक्षा, आणि चावडीत बसून मागील वर्षीचेच पीक पुन्हा लिहिले जाते अशी सार्वत्रिक तक्रार. टाटा ट्रस्टच्या साहाय्याने तयार झालेल्या या योजनेत शेतकऱ्याने आपल्या मोबाइलवर गट क्रमांक निवडावयाचा, पीक आणि क्षेत्र भरावयाचे आणि शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे, अशी रीत आहे. छायाचित्राबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. सुधारित आवृत्तीत शेतकऱ्याचे स्वयंघोषणापत्र ग्राह्य मानून दहा टक्के नोंदींची तपासणी तलाठ्याने करावी, आणि काही चुकल्यास शेतकऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत ती सुधारावी, अशी सोय झाली. ज्याच्या आजोबाला आपली नोंद वाचता येत नव्हती, तो नातू ती नोंद स्वतःच्या हाताने सरकारी दप्तरात लिहू लागला. महसूल खात्याच्या इतिहासात ही लहान घटना नव्हे.

मग अडते कोठे? अडते ते अठ्ठेचाळीस तासांनंतर. मोबाइलला संपर्क नाही, शेताचा नकाशा आणि प्रत्यक्ष बांध जुळत नाहीत, मुलगा पुण्यास आणि वृद्ध बाप शेतावर, जमीन एकाच्या नावावर आणि कसणारा बटाईदार दुसराच, सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असताना नोंद एकट्या सोयाबीनची, अशा शंभर अडचणी खेड्यात उद्भवतात. त्या उद्भवणारच; कोणतेही यंत्र त्यांतून सुटत नाही. मात्र पीकविमा, अतिवृष्टीची मदत, हमीभावाची खरेदी या साऱ्यांना हीच नोंद लागते. २०२३ च्या खरिपातील कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी पाच हजार रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, देण्याचे ठरले, तेव्हा ई-पीक पाहणीतील नोंदीची अट घालण्यात आली. पीक घेतले पण नोंद झाली नाही, असे शेतकरी इतके निघाले की २०२४ मध्ये ती अट सैल करून सातबाऱ्यावरील नोंद ग्राह्य धरावी लागली. शासनाने चूक सुधारली हे बरे झाले. पण ती आंदोलनांच्या आणि निवेदनांच्या दडपणाने सुधारली गेली. जो प्रश्न एका शेतकऱ्याने पहिल्याच आठवड्यात विचारला असेल, तो मंत्रिमंडळापर्यंत जाऊनच सुटावा, ही संवादाची रीत झाली काय?

याविषयी नदीपलीकडचा अनुभव आम्हांस विशेष बोलका वाटतो. २०१८ मध्ये धर्माबाद तालुक्यातील काही गावांनी तेलंगणात सामील होण्याची मागणी केली होती. शेजारच्या राज्यातील शेतकरी-योजनांचे आकर्षण तिच्यामागे होते. त्याच तेलंगणाने २०२० मध्ये गावपातळीवरील महसूल अधिकाऱ्यांची पदे रद्द केली आणि २९ ऑक्टोबरपासून ‘धरणी’ नावाच्या संगणकीय प्रणालीवर जमिनीचे सर्व व्यवहार आणले. लाच घेणारा मधला माणूस नाहीसा होईल, ही कल्पना आकर्षक होती. परंतु नोंदीतील चूक ज्याच्याकडे जाऊन दाखवावी तो माणूसही त्याच्याबरोबर नाहीसा झाला. प्रणालीत नाव चुकले, क्षेत्र कमी लागले, गट निषिद्ध यादीत गेला, तर जवळपास दाद मागण्याची सोय उरली नाही. पुढे सरकार बदलले, नवा कायदा झाला, १४ एप्रिल २०२५ रोजी ‘भू भारती’ हे नवे द्वार उघडले, त्यात अपिलाची तरतूद करावी लागली, आणि गावोगाव पुन्हा अधिकारी नेमावे लागले. पाच वर्षांनी गाडी वळून आली ती याच ठिकाणी, की यंत्राच्या शेजारी उत्तर देणारा माणूस लागतो.

हा माणूस आपल्याकडे आहे. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी असे भारदस्त नाव मिळाले आहे. परंतु एकेकाकडे अनेक गावे, त्यातच निवडणुकीची कामे, पंचनामे, दाखले, आणि वरून रोज नव्या प्रणालीत माहिती भरण्याचे आदेश, अशी त्याची अवस्था आहे. नवे साधन आले म्हणून जुनी वही बंद होत नाही. तीच माहिती कागदावर, मग संगणकावर, मग वरिष्ठांच्या व्हॉट्सॲप गटावर द्यावी लागते. कनिष्ठ कर्मचारी नव्या साधनांविषयी नाखूश असतात असे म्हटले जाते. त्या नाखुशीचे कारण आळस एवढेच आहे असे आम्हांस वाटत नाही. ज्या साधनाने त्याचे एकही काम कमी केले नाही, त्याच्यावर त्याने प्रेम का करावे?

या राज्याला याविषयीचा धडा संगणक येण्याआधीच मिळालेला आहे. तेव्हाच्या अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी १९८० च्या दशकात आपल्या कार्यालयाची मांडणी बदलली. कोणते कागद निर्णयासाठी प्रलंबित, कोणते प्रतीक्षेतील, कोणते नियतकालिक, कोणते स्थायी आदेशांचे, कोणते अभिलेख कक्षात पाठवावयाचे आणि कोणते नष्ट करावयाचे, अशी सहा गठ्ठ्यांची शिस्त लागली. येणाऱ्या माणसाला आपले काम कोणत्या टेबलावर आहे हे कळू लागले. ‘लखीना पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजलेल्या त्या सुधारणेत विजेचे एकही यंत्र नव्हते. होते ते एवढेच, की प्रत्येक कागदाला जागा होती आणि प्रत्येक जागेला माणूस होता. ज्या कार्यालयात ही शिस्त आहे तेथे ई-ऑफिस सोन्याहून पिवळे ठरेल, कारण फाइल कोणाकडे किती दिवस होती हे ते न विचारता सांगते. ज्या कार्यालयात ही शिस्त नाही तेथे धूळ खाणारी फाइल संगणकात धूळ खाईल.

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयास आग लागली आणि कागदावरच विसंबून राहण्याचा धोका सर्वांच्या डोळ्यांपुढे आला. आज वेगळाच धोका वाढत आहे. आदेश व्हॉट्सॲपच्या गटावर द्यावयाचा, अहवाल तेथेच मागवावयाचा, आणि अंगावर शेकेल असे काही निघाल्यास तो संदेश पुसून टाकावयाचा, हे सहकार्य नव्हे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक प्राधिकरणांवर आपले अभिलेख सूचीबद्ध आणि संगणकीकृत ठेवण्याचे बंधन घातले आहे. कर्मचाऱ्यांनी एकमेकांशी त्वरेने बोलावे हे इष्टच. परंतु ज्या बोलण्याने कोणाचा हक्क ठरतो ते दप्तरात उमटले पाहिजे.

खरे सहकार्य कसे असते याचा नमुना धर्माबाद तालुक्यातच आहे. बाभळी बंधाऱ्यावरून महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश वर्षानुवर्षे भांडले. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्यानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे राहावयाचे, १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावयाचे, आणि केंद्रीय जल आयोगाचा एक व दोन राज्यांचा एकेक अशा त्रिसदस्य समितीने देखरेख ठेवावयाची. त्या निकालाने बंधारा सर्वांच्या मनासारखा झाला असे नाही. ज्या काळात पाणी वाहते त्याच काळात दरवाजे उघडे, ही येथील शेतकऱ्याची खंत कायम आहे. परंतु एक गोष्ट झाली. तारीख ठरली, आकडा ठरला, साक्षीदार ठरले. एकमेकांवर विश्वास नसलेली दोन राज्ये जर एका तारखेला एकाच दरवाजाजवळ उभी राहू शकतात, तर एकाच राज्याची महसूल, कृषी आणि सहकार ही खाती एकाच शेताविषयी एकच नोंद का मानू शकत नाहीत? एस्टोनिया या चिमुकल्या देशाने २००१ पासून सरकारी खात्यांच्या नोंदी परस्परांशी जोडल्या. आपली माहिती कोणत्या कार्यालयाने पाहिली, हे तेथील नागरिकाला स्वतः तपासता येते. सांगलीच्या किंवा धर्माबादच्या नागरिकाचा मान त्याहून कमी असण्याचे कारण नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. नागरिकाने प्रणालीत लिहिलेल्या प्रत्येक तक्रारीवर उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याचे पद आणि उत्तराची तारीख त्याला त्याच क्षणी दिसावी. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने सेवेला मुदत, नकाराला लेखी कारण, वरिष्ठांकडे अपील आणि कसूर करणाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपये दंड अशी चौकट घालून दिली आहे; पीकनोंदीच्या चुकीलाही त्याच धर्तीची स्पष्ट वाट असावी. जी माहिती एकदा संगणकात गेली ती कर्मचाऱ्याकडून दुसऱ्यांदा कागदावर मागू नये. नवे साधन गावात आणण्यापूर्वी ते वापरणाऱ्या ग्राम महसूल अधिकाऱ्यास आणि शेतकऱ्यास त्यातील अडचणी विचाराव्यात आणि त्या दूर केल्याचे प्रसिद्ध करावे. आणि भाषा सोपी मराठी असावी, सीमेवरच्या तालुक्यांत तेलुगूही असावी. ‘ओटीपी’, ‘ई-केवायसी’ आणि ‘सर्व्हर’ या शब्दांनी वृद्ध शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे निजामी दप्तराचीच आठवण उभी राहता कामा नये.

आमच्या शहरी वाचकांनीही हा विषय दूरच्या खेड्याचा समजू नये. घरपट्टी, जन्माचा दाखला, वारसाची नोंद यांसाठी तेही याच पडद्यापुढे बसतात. फरक एवढाच, की उत्तर न आले तर ते कोणाला तरी दूरध्वनी करू शकतात, आणि धर्माबादच्या शिवारातील माणूस ते करू शकत नाही. कार्यालये किती संगणकीय झाली यांचे गुणांकन शासन खुशाल करो. पण त्या गुणपत्रिकेत एक रकाना अवश्य असावा: नागरिकांनी विचारलेल्या किती प्रश्नांना मुदतीत उत्तर दिले, आणि किती चुका मान्य करून दुरुस्त केल्या. हा रकाना जोवर कोरा आहे, तोवर बाकीच्या गुणांचे कौतुक करण्यास आम्ही तयार नाही.