मोटारीला घरी रंग देताना

वार्षिकांकात मोटार रंगविण्यावर लेख यावा याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी वडिलांनी हौसेने घेतलेली जुनी मारुती ८०० अजून उभी असते, आणि तिचे काय करायचे हा घरातला खराखुरा प्रश्न असतो. ही गाडी १९८३ पासून २०१४ पर्यंत आपल्याकडे तयार होत होती. म्हणजे सर्वांत धाकटीलाही दहा वर्षे उलटून गेली. इंजिन धड असते, पण टपावरचा रंग उडालेला आणि दाराच्या खालच्या कडेला गंजाचे फोड. गॅरेजवाला रंगकामाचा जो आकडा सांगतो तो पुष्कळदा गाडीला आज मिळेल त्या किमतीच्या आसपास जाऊन भिडतो. मग रंग द्यावा की भंगारात काढावी, अशी चर्चा सुरू होते.

त्या आकड्याची फोड करून पाहिली तर प्रत्यक्ष रंगाचा वाटा त्यात लहान असतो. मोठा वाटा मजुरीचा. घासणे, भरणे, पुन्हा घासणे. ज्याच्याजवळ पैसा कमी पण सुट्टीचे पंधरा दिवस आहेत त्याला ही मजुरी वाचविता येते. पुढील मजकूर त्याच्यासाठी आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की मोटारीचा रंग शोभेसाठी असतो तितकाच पत्रा झाकण्यासाठी असतो. लोखंड गंजले म्हणजे त्याचा गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे वरचा रंग उचलला जातो, फोड येतो, फोडातून पाणी आत शिरते आणि गंज रंगाखालून पसरत जातो. खाऱ्या हवेमुळे कोकणातील गाड्यांना याचा अनुभव लवकर येतो. अशा गंजावर वरून नवा रंग फासला तर एका पावसाळ्यात फोड पुन्हा वर येतो. म्हणून गंज खरवडून खालचा पत्रा चकचकीत दिसेपर्यंत तारेच्या ब्रशाने आणि जाड पॉलिश पेपरने घासावा. खळग्यांत उरलेल्या गंजासाठी फॉस्फरिक आम्लाचे तयार द्रावण मिळते, ते लावून, धुऊन, पूर्ण कोरडे करावे. आणि उघडा पडलेला पत्रा त्याच दिवशी प्रायमरने झाकावा, उद्यावर ठेवू नये. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टेकवताच पत्र्याच्या आत जात असेल, तर मात्र ते काम आपले नव्हे. तेथे टिंकरिंगवाल्याकडून पत्र्याचा तुकडा जोडून घ्यावा. भोकावर लांबी थापून रंग देणे ही निव्वळ फसवणूक होय. जुनी गाडी घेणारे जाणकार खिशात लोहचुंबक ठेवतात ते याचसाठी. लांबीच्या जाड थरावर चुंबक धरत नाही.

घासण्यास सुरुवात करण्यापूर्वी गाडी साबणाने धुवावी व नंतर टर्पेंटाइनने भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसावी. हा क्रम उलटा करू नये. वर्षानुवर्षे लावलेल्या पॉलिशमधील मेण आणि सिलिकोन अंगावर राहिलेले असते. आधी घासले तर पॉलिश पेपर तेच ओरखड्यांत दाबून बसवतो, आणि मग नवा रंग तेथून बाजूला सरकून माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात.

दिवे, वायपर, दारांच्या मुठी, बंपर हे झाकत बसण्यापेक्षा काढून ठेवलेले बरे. स्क्रू एकेका डबीत, डबीवर चिठ्ठी. न निघणाऱ्या काचांनाच मास्किंग टेप व वर्तमानपत्र लावावे.

पोचे भरण्यासाठी जी लांबी मिळते ती दोन भागांची असते. मुख्य लगद्यात थोडेसे रंगीत हार्डनर मिसळायचे. रंग एकसारखा झाला म्हणजे मिश्रण झाले असे समजावे. हार्डनर जास्त घातले म्हणजे लांबी अधिक पक्की होते ही समजूत चुकीची आहे, उलट त्याचा डाग वरच्या रंगातून उमटू शकतो. एकदा कालवल्यावर हाती थोडीच मिनिटे असतात, मे महिन्यात त्याहून कमी. तेव्हा लिंबाएवढा गोळाच घ्यावा. सुकलेली लांबी घासताना पॉलिश पेपर नुसत्या बोटांनी धरू नये. बोटांच्या दाबाने लाटा उठतात. सपाट भागासाठी लाकडी ठोकळा आणि गोलाईसाठी जुन्या रबरी स्लिपरचा तुकडा यांच्याइतके नामी हत्यार बाजारात विकतही मिळायचे नाही. लांबी पाणी शोषून घेते, म्हणून ती कोरडीच घासावी. पृष्ठभाग सपाट झाला की नाही हे डोळ्यांपेक्षा तळहाताला चांगले कळते. पातळ फडके हाताखाली घेऊन, डोळे मिटून हात फिरवून पाहावा.

यानंतर प्रायमर, आणि तो वाळल्यावर ४०० व पुढे ६०० नंबरच्या काळ्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासणी. आकडा जितका मोठा तितका कागद बारीक. जुन्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे लांबीखेरीज बाकीची घासणी ओली करणे फुप्फुसांच्याही हिताचे. प्रायमर सच्छिद्र असतो. तो लावून गाडी पावसात उभी ठेवली तर पाणी थेट पत्र्यापर्यंत पोहोचते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आता रंग कोणता, हा प्रश्न. येथे थोडी पार्श्वभूमी पाहू. पहिल्या मोटारींना तेलाचे व्हार्निशमिश्रित रंग देत आणि ते वाळायला आठवडे लागत. १९२३ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीचा ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोज रंग मोटारींवर आला आणि हे काम तासांवर आले. आपल्याकडील जुने पेंटर अजूनही ‘गाडीला ड्यूको मारला’ असे म्हणतात ते यावरूनच. हा रंग, म्हणजे गॅरेजमधला ‘एनसी’, केवळ थिनर उडून जाऊन वाळतो. थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि हवा दमट असली तर त्यावर बाष्प जमून रंग पांढुरका होतो. शिवाय त्याला कॉम्प्रेसर व स्प्रे गन लागते. कारखान्यासारखी झळाळी देणारे ‘टू-के’ किंवा ‘पीयू’ रंग तर घरी फवारूच नयेत. त्यांच्या हार्डनरमधील आयसोसायनेट श्वासातून गेल्यास दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अत्यल्प मात्राही सोसत नाही. नाकावर बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क तेथे काहीच कामाचा नाही.

तेव्हा अंगणासाठी राहतो तो दारे-खिडक्यांना लावतात तो सिंथेटिक इनॅमल. हा दोन टप्प्यांत वाळतो: आधी टर्पेंटाइन उडते, मग हवेतील प्राणवायू शोषून थर हळूहळू कठीण होतो. वाळायला वेळ घेतो हा त्याचा दोष, पण त्याच वेळात तो स्वतः पसरून ब्रशच्या रेघा भरून काढतो हा गुणही. तो दुधाइतका पातळ करून, जुन्या मलमलीतून गाळून, स्पंजाच्या चार इंची रोलरने लावावा. पहिला हात दिल्यावर गाडी इतकी वाईट दिसते की घरातील मंडळी हसतात. खालचा प्रायमर दिसत असतो, ठिपके-ठिपके असतात. येथेच धीर सुटून माणूस दुसरा हात जाड देतो आणि उभ्या पत्र्यावर ओघळ येतात. तसे न करता दर दिवशी एकच पातळ हात, दोन हातांनंतर ८०० नंबरच्या कागदाने ओली घासणी, असे पाच-सहा हात द्यावेत. छोट्या गाडीला दोन-तीन लिटर रंग पुरावा.

जुन्या रंगावर नवा बसेल का, हे आधी कोपऱ्यात पाहावे. थिनरचे फडके दाबून धरल्यावर रंग फडक्याला लागला तर तो एनसी. सुरकुत्या पडल्या तर इनॅमल. काहीच झाले नाही तर कारखान्यात भाजलेला पक्का रंग. नीट घासून घेतल्यास यांतील कशावरही इनॅमल चालते. उलट मात्र नाही: इनॅमलवर एनसी मारला की त्याचा जहाल थिनर खालच्या थराला उचलतो.

हंगाम दिवाळीनंतरचा उत्तम. पावसाळा वर्ज्यच, आणि उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्यावर रंग पसरण्याआधीच आखडतो. थंडीतही दव उडाल्यावर काम सुरू करून दुपारपर्यंत उरकावे. ओल्या इनॅमलवर रात्रीचे दव पडले की चकाकी मरते. धूळ उडू नये म्हणून अंगणात सडा घालावा. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असून जमिनीलगत पसरते, म्हणून स्वयंपाकघरालगत काम करू नये. इनॅमलने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेटू शकतात. दोरीवर मोकळी पसरून वाळवावीत.

रंग शक्यतो जुनाच ठेवावा. तो बदलला तर दारांच्या आतल्या कडा, डिकी, बॉनेटची खालची बाजू सारेच रंगवावे लागते, शिवाय नोंदणी-पुस्तकात रंग लिहिलेला असल्याने आरटीओत बदलाची नोंद करून घ्यावी लागते. ऑलिव्ह ग्रीन तर खाजगी गाडीला देताच येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२१ व्या नियमाने तो संरक्षण खात्यासाठी राखून ठेवला आहे. रोलरने मेटॅलिक रंग देण्याच्या भरीस पडू नये, त्यातील धातूचे कण एकसारखे बसत नाहीत. पांढरा सर्वांत क्षमाशील; काळ्या रंगात प्रत्येक लाट दिसते.

असे रंगविलेली गाडी शोरूममधल्यासारखी दिसणार नाही. काही वर्षांनी उन्हाने इनॅमल फिके पडेल, पेट्रोल सांडले तेथे ते मंद होईल. पण पत्रा वाचेल, आणि गाडीचे आयुष्य काही वर्षांनी वाढेल. शेवटची घासणी व रबिंग कंपाउंडची पॉलिश मात्र चार-सहा आठवडे थांबून, थर पुरता कठीण झाल्यावर करावी. उरलेला रंग ओरखड्यांसाठी लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवावा. बाटली अर्धी राहिली तर आतल्या हवेनेच त्यावर साय धरते.