रोगाला चिकटलेला कलंक

घरात कोणी दगावले म्हणजे समाचाराला येणारी माणसे आजाराचे नाव विचारतात आणि ते ऐकून हळहळतात. परंतु ‘फुप्फुसाचा कर्करोग’ असे उत्तर मिळाले, की पुढला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : ‘विड्या ओढीत होते काय?’ विचारणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. तथापि त्या चार शब्दांत एक निवाडा दडलेला असतो. रोग्याने आपल्या हाताने मरण ओढवून घेतले, असा तो निवाडा होय. मग घरच्यांना शोकाबरोबर लाजेचाही भार वाहावा लागतो.

हा कलंक आला कोठून? १९५० साली रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी धूम्रपान आणि हा रोग यांचा संबंध पुराव्यानिशी मांडला. त्या ज्ञानाने असंख्य जीव वाचले, यात शंका नाही. परंतु ‘कारण’ आणि ‘अपराध’ यांतील भेद लोकांच्या मनातून हळूहळू पुसला गेला. परिणामी कित्येक रोगी खोकला लपवितात आणि वैद्याकडे जाण्यास कचरतात. वस्तुतः रोग लवकर उमगला तरच शस्त्रक्रियेने बरे होण्याची आशा अधिक असते. २०२२ साली या एका रोगाने जगभर सुमारे १८ लाख माणसे मेली. इतके बळी दुसऱ्या कोणत्याही कर्करोगाने घेतले नाहीत.

या कलंकाशी झुंज देणाऱ्या एका इंग्रज दांपत्याची हकीकत बोधप्रद आहे. रॉय कॅसल हा ब्रिटनमधील लोकप्रिय विनोदी नट, नर्तक व कर्णावादक. त्याने स्वतः कधी धूम्रपान केले नाही; मात्र उमेदीची अनेक वर्षे धुराने कोंदलेल्या नृत्यगृहांत आणि क्लबांत तो वाद्य वाजवीत असे. १९९२ साली त्याला फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. इतरांच्या धुरानेच हा रोग जडला, अशी त्याची धारणा होती. तो तोंड लपवून बसला नाही. १९९४ च्या उन्हाळ्यात, प्रकृती ढासळलेली असताना, आगगाडीने शहरोशहरी हिंडून त्याने लिव्हरपूल येथील संशोधन केंद्रासाठी निधी जमविला. सप्टेंबरात त्याचा अंत झाला. तो निधी शल्यविशारद रे डोनेली यांच्या पुढाकाराने १९९० साली उभा राहिला होता; पुढे त्या संस्थेला रॉय कॅसल याचेच नाव मिळाले.

त्याची पत्नी फिओना हिने पतिवियोगाचे दुःख घराच्या चार भिंतींत कोंडून ठेवले नाही. पतीचे कार्य तिने पुढे चालविले; निधीसाठी आणि सार्वजनिक जागा धूरमुक्त व्हाव्यात म्हणून ती वर्षानुवर्षे बोलत राहिली. अनेकांच्या अशा प्रयत्नांना फळ येऊन १ जुलै २००७ पासून इंग्लंडातील बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानास बंदी झाली. आपल्या देशातही २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी अशी बंदी अमलात आली.

येथे एका गोष्टीविषयी सावध राहिले पाहिजे. ‘आमच्या माणसाने विडीला हातही लावला नव्हता’ असे सांगणे स्वाभाविक आहे, आणि ते पुष्कळदा खरेही असते. दुसऱ्यांचा धूर, दूषित हवा, अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू, जमिनीतून निघणारा रेडॉन वायू यांनीही हा रोग होतो. परंतु त्या वाक्याची दुसरी बाजू अशी, की ज्याने विडी ओढली तो मात्र दयेला पात्र नाही! म्हणजे कलंक पुसला जात नाही. तो केवळ शेजारच्या खाटेवरील रोग्याकडे सरकतो. कॅसल याच्या नावाच्या संस्थेने असा भेद केला नाही. धूम्रपान केलेले आणि न केलेले, दोन्ही प्रकारच्या रोग्यांना तिने आधार दिला. व्यसन सोडू पाहणाऱ्यांनाही हात दिला.

तंबाखूचे व्यसन बहुधा पोरवयात जडते आणि निकोटीन त्याची पकड सुटू देत नाही. व्यसनाचा निषेध अवश्य करावा. तो निरोगी मुलांपुढे करावा, दुकानदारांपुढे व कारखानदारांपुढे करावा. रोग्याच्या उशाशी त्याचे काही प्रयोजन नाही. तेथे वेळेवर निदान, योग्य उपचार आणि प्रेमाचे दोन शब्द एवढ्यांचीच गरज असते.