काटा खोटे बोलतो तेव्हा

साध्या मोटारसायकलीचे इंजिन समोरून येणाऱ्या वाऱ्यानेच थंड होते, हे तुम्ही पाहिले असेल. होंडा कंपनीने १९७४ साली जर्मनीतील कोलोनच्या प्रदर्शनात मांडलेली 'गोल्ड विंग जीएल १०००' ही गाडी मात्र निराळी होती. तिच्या ९९९ घन सेंटिमीटरच्या, चार सिलिंडरांच्या इंजिनासाठी शीतक द्रव, रेडिएटर, विजेचा पंखा आणि चालकासमोर तापमान दाखवणारा काटा, असा मोटारीसारखा सरंजाम होता. पन्नाशी ओलांडलेल्या या गाड्या हौशी मंडळी आजही जपतात.

समजा, अशा गाडीचे इंजिन भट्टीसारखे तापले आहे, पंखा फिरत नाही आणि काटा मात्र 'थंड' दाखवतो आहे. मग विश्वास कोणावर ठेवायचा?

प्रथम काट्याचीच उलटतपासणी करू. खरे पाहता काटा तापमान मोजत नाही, तो विद्युतप्रवाह मोजतो. शीतक द्रवात बुडालेला एक संवेदक असतो. त्यातील अर्धवाहक तापला, की त्याचा रोध कमी होतो. बॅटरीतून निघालेला प्रवाह काट्यातून, मग संवेदकातून इंजिनाच्या धातूत उतरतो आणि बॅटरीकडे परततो. रोध कमी झाला, की प्रवाह वाढतो आणि काटा 'गरम'कडे सरकतो.

आता समजा, तापलेल्या संवेदकाचा रोध २० ओहम आहे; पण त्याच्या बैठकीवर गंज चढून वाटेत आणखी ६० ओहमची भर पडली. काट्याला एकूण रोध ८० ओहम भासेल, म्हणजे इंजिन कोमट आहे असे वाटेल! चालक निर्धास्त राहील आणि इंजिन तापतच जाईल. म्हणून गंजाचा हा खोटेपणा घातक.

परीक्षा सोपी आहे. संवेदकाची तार काढली, की काटा 'थंड' टोकाला गेला पाहिजे. तीच तार इंजिनाच्या स्वच्छ धातूला क्षणभरच टेकवली, की तो 'गरम' टोकाकडे धावला पाहिजे. तसे झाले तर काटा व तार निर्दोष आहेत. दोष संवेदकात, त्याच्या बैठकीत, किंवा द्रव कमी होऊन तो हवेत उघडा पडला असेल.

पंख्याचे मंडल वेगळे असते. ठराविक तापमानाला त्याचा स्विच आपोआप जोडला जातो. भरधाव गाडीत पंखा थांबलेला असेल तर तो दोष नव्हे. तेथे वारा पुरेसा असतो. खोळंबलेल्या वाहतुकीत मात्र तो फिरलाच पाहिजे. स्विच वगळून मंडल तात्पुरते जोडावे. पंखा फिरला तर मोटर व फ्यूज ठीक, संशय स्विचवर. न फिरल्यास फ्यूज, जोडण्या आणि मोटर क्रमाने तपासावी.

संशयित स्विच पातेल्यातील पाण्यात तापवून, तापमापी लावून पाहता येतो. पण सावधान! पुण्यासारख्या उंचीवर पाणी सुमारे ९८ अंश सेल्सिअसलाच उकळते. स्विच १०० अंशांना जोडला जाणारा असेल, तर तो चांगला असूनही 'नापास' ठरेल.

रेडिएटरमध्ये याच्या उलट घडते. घट्ट झाकणामुळे आत दाब वाढतो आणि उत्कलनबिंदूही वाढतो. दाब वातावरणाच्या दुप्पट झाला, तर साधे पाणीसुद्धा सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. गरम असताना झाकण उघडले, की दाब एकदम उतरतो, द्रव भडभडून उकळतो आणि अंगावर उडतो. म्हणून इंजिन पूर्ण निवल्याशिवाय झाकणाला हात लावू नये. काम मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावे.

जाता जाता एक प्रश्न. संवेदकाच्या तारेचे आवरण झिजून ती वाटेतच गाडीच्या चौकटीला टेकली, तर थंड इंजिन असताना काटा काय दाखवील? वर दिलेल्या परीक्षेत उत्तर दडले आहे. शोधा पाहू!