नेमबाजीसाठी पिस्तूल निवडताना

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल तीन-स्थिती प्रकारात स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक मिळविले आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी हे लहानसे गाव सर्वतोमुखी झाले. वडील शिक्षक, आई गावची सरपंच आणि मुलाचे शिक्षण राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत झालेले. त्याच स्पर्धेत मनू भाकर यांनी १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात वैयक्तिक कांस्यपदक आणि सरबज्योत सिंग यांच्यासह मिश्र सांघिक कांस्यपदक पटकाविले. त्याआधी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले होते. आशियाई स्पर्धांत नेमबाजीचे सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत.

नेमबाजीचा महाराष्ट्राशी आणखी एक जुना ऋणानुबंध आहे. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ मध्ये झाली. तिचे संस्थापक-अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव ऊर्फ दादासाहेब मावळंकर. त्यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील. त्यांच्या नावाने भरणारी स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवरील एक महत्त्वाचा टप्पा मानली जाते.

पदकाची वार्ता गावोगावी पोहोचली की एखादा मुलगा किंवा मुलगी नेमबाज होण्याचा हट्ट धरते आणि पालक शाळेतील गुरुजींकडे किंवा पंचायतीच्या सदस्यांकडे येऊन विचारतात, “पिस्तूल कोणते घ्यावे?” प्रश्न साधा वाटतो, परंतु त्याच्या उत्तरावर कुटुंबाची अनेक वर्षांची बचत, मुलाची प्रगती आणि प्रसंगी इतरांची सुरक्षितताही अवलंबून असते. म्हणून या निवडीमागील विचार समजून घेणे अगत्याचे आहे.

दोन पिस्तुले, दोन हेतू

पिस्तूल म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर पोलिसांच्या कमरेचे किंवा चित्रपटातील शस्त्र उभे राहते. खेळाचे पिस्तूल ही सर्वस्वी निराळी वस्तू आहे. संरक्षणाच्या शस्त्रात आघाताची ताकद आणि आटोपशीर आकार पाहिला जातो. खेळाच्या पिस्तुलात मात्र ताकदीला काहीच मोल नाही. तेथे प्रत्येक वेळी छर्रा त्याच ठिकाणी पोहोचणे, एवढीच अपेक्षा असते. यामुळे ‘जेवढे जोरकस, तेवढे उत्तम’ हा समज नेमबाजीत पूर्णतः चुकीचा ठरतो. या खेळात लहान व्यासाच्या नळीलाच मान आहे.

स्पर्धांत मुख्यतः दोन प्रकारची पिस्तुले वापरली जातात. पहिले ४.५ मिलिमीटर व्यासाचे, हवेच्या दाबावर चालणारे एअर पिस्तूल. दुसरे ५.६ मिलिमीटर व्यासाचे, काडतुसावर चालणारे, ज्याला नेमबाज ‘पॉइंट टू-टू’ म्हणतात. पहिल्याने १० मीटरवर आणि दुसऱ्याने २५ मीटरवर नेम धरला जातो.

प्रारंभ दहा मीटरपासून

नवशिक्याने प्रारंभ एअर पिस्तुलानेच करावा, याविषयी जाणकारांत मतभेद नाही. त्याचा आवाज अल्प, धक्का जवळजवळ नाही आणि छर्रे स्वस्त. सुमारे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १५० मीटर वेगाने जातो. लक्ष्यपत्रावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या ११.५ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढे असते. उभे राहून, एकाच हाताने, कशाचाही आधार न घेता, ७५ मिनिटांत असे ६० नेम साधायचे असतात.

एवढ्या लहान वर्तुळावर हात स्थिर राहणार कसा, अशी शंका नवशिक्याला येते. वास्तविक हात कोणाचाच पूर्ण स्थिर राहत नाही. पिस्तूल आहे त्या दिशेला समांतर राहून ५ मिलिमीटर बाजूला सरकले, तर छर्राही तेवढाच सरकतो आणि दहा गुण अबाधित राहतात. परंतु पुढची माशी आणि मागची खाच यांची रेषा बिघडली, तर चूक अनेक पटींनी वाढते. या दोहोंतील अंतर साधारण ३२ सेंटिमीटर धरले आणि माशी खाचेच्या मध्यापासून केवळ १ मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवरील छर्रा सुमारे ३१ मिलिमीटर दूर जातो. दहाचे सात होण्यास एवढे पुरे असते. चांगल्या पिस्तुलाची पारख याच हिशेबात दडलेली आहे. माशीची रेषा न बिघडविता चाप ओढू देणारे पिस्तूल ते चांगले. बाकीचे गुण त्यानंतरचे.

आधी मूठ, मग नळी

या कसोटीवर पहिला क्रम मुठीचा लागतो. स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ बहुधा लाकडी असते. ती लहान, मध्यम व मोठ्या मापांत आणि डाव्या व उजव्या हातासाठी वेगवेगळी मिळते. तळहाताखाली सरकविता येणारी एक फळी असते, तिने पकड बसविता येते. मूठ नीट बसली आहे काय, हे तपासण्याची रीत सोपी आहे. रिकामे पिस्तूल सुरक्षित दिशेला लक्ष्याकडे रोखावे, डोळे मिटावेत, हात खाली आणून पुन्हा उचलावा आणि डोळे उघडावेत. माशी खाचेच्या मध्याजवळच दिसली, तर मूठ हाताला मानवली असे समजावे. प्रत्येक वेळी ती एकाच बाजूला गेलेली दिसत असेल, तर मूठ बदलावी किंवा जाणकाराकडून घासून घ्यावी. मनगटाला आधार देणारी मूठ मात्र स्पर्धेच्या नियमांत बसत नाही.

हाताबरोबर डोळाही तपासावा. दोन्ही डोळे उघडे ठेवून अंगठा दूरच्या खांबावर धरावा आणि एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने पाहताना अंगठा खांबावरच राहतो, तो प्रधान डोळा. प्रधान डोळा डावा आणि हात उजवा असलेल्या मुलाबाबत मूठ खरेदी करण्यापूर्वीच प्रशिक्षकाचा सल्ला घ्यावा.

वजनाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. नियमानुसार एअर पिस्तुलाचे वजन १५०० ग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती किलोभराचे पिस्तूल दिल्यास त्याचा खांदा थकतो, कंबर वाकते आणि चुकीची सवय जडते. मुलांसाठी वजनाला हलकी पिस्तुले निघतात, त्यांचा विचार आधी व्हावा.

चाप आणि हवा

दुसरा क्रम चापाचा. एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅमचा भार पेलणारा असावा, असा नियम आहे. स्पर्धेपूर्वी तेवढे वजन चापाला टांगून ही तपासणी होते. चाप दोन टप्प्यांत ओढला जाणारा, खरखर न करणारा आणि प्रत्येक वेळी त्याच भाराला सुटणारा असावा. छर्रा न भरता चाप ओढण्याची सोय असलेले पिस्तूल घ्यावे. असा कोरडा सराव घरच्या घरी, बिनखर्चाचा आणि अत्यंत फलदायी असतो.

हवा कोंडण्याच्या पद्धतीवरून एअर पिस्तुलांचे तीन प्रकार पडतात. स्प्रिंगचे पिस्तूल काही हजारांत मिळते, परंतु त्याची स्प्रिंग सुटताना झटका बसतो. प्राथमिक ओळखीपुरते ते ठीक. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक नेमापूर्वी दांडा ओढून हवा दाबावी लागते. धक्का अत्यल्प, देखभाल कमी, मात्र साठ वेळा दांडा ओढताना हात थकतो. तिसऱ्या प्रकारात दाबाने भरलेली नळकांडी असते. वरच्या दर्जाच्या स्पर्धांत आज हाच प्रकार प्रचलित आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि इटली येथे बनणाऱ्या अशा पिस्तुलांची किंमत लाखाच्या पुढे जाते.

साहजिकच अनेक जण वापरलेले पिस्तूल शोधतात. त्यात गैर काही नाही. मात्र नळकांड्यावर कोरलेली तारीख अवश्य पाहावी. स्पर्धेत नळकांड्याचे आयुष्य जास्तीत जास्त दहा वर्षे धरले जाते. मुदत संपलेले नळकांडे स्वस्त मिळाले, तरी ते महागच पडते आणि धोक्याचेही ठरते. गावाजवळ दुरुस्तीची आणि हवा भरण्याची सोय कोठे आहे, हेही आधी विचारावे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये मनू भाकर यांचे पिस्तूल पात्रता फेरीतच बिघडले, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी अवघ्या दोन गुणांनी हुकली. जगातील उत्तम नेमबाजावर ही वेळ येऊ शकते, तर नवशिक्याने सुटे भाग आणि कारागीर यांचा विचार किमतीइतकाच करावा हे उघड आहे.

‘पॉइंट टू-टू’चा टप्पा

एअर पिस्तुलावर हात बसल्यानंतरच काडतुसाच्या पिस्तुलाकडे वळावे. २५ मीटरच्या महिला स्पर्धेत ३० नेम सावकाश आणि ३० नेम प्रत्येकी तीन सेकंदांच्या अवधीत साधायचे असतात. यासाठी पाच काडतुसांचे, आपोआप भरले जाणारे पिस्तूल लागते. त्याचा चाप किमान १००० ग्रॅमचा आणि वजन १४०० ग्रॅमपर्यंत असते. येथे धक्का बसल्यानंतर माशी किती लवकर जागेवर येते आणि काडतूस न अडकता भरले जाते की नाही, या दोन बाबी निर्णायक ठरतात. एकाच बनावटीची काडतुसे सर्व पिस्तुलांना मानवत नाहीत, म्हणून दोन-तीन प्रकारची वापरून पाहणे इष्ट. ही लहानशी गोळी मोकळ्या जागेत दीड किलोमीटरहूनही दूर जाऊ शकते. तिचा सराव अधिकृत रेंजवरच झाला पाहिजे.

कायद्याची चौकट

शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंत व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवेच्या शस्त्रांस परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाची ऊर्जा सहा ज्यूलच्या आसपास असते. तरीही खरेदी अधिकृत विक्रेत्याकडूनच करावी आणि पावती जपून ठेवावी. ‘पॉइंट टू-टू’ मात्र अग्निशस्त्र आहे. त्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना आवश्यक असून २१ वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीस तो मिळत नाही. क्रीडा-प्रशिक्षणासाठी कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे. म्हणून तरुण खेळाडूने रायफल क्लबच्या देखरेखीखाली, क्लबचेच शस्त्र वापरून शिकावे, हा राजमार्ग होय.

शाळा आणि पंचायतीचे कार्य

परवाना लागत नाही म्हणून एअर पिस्तूल खेळणे ठरत नाही. त्याचा छर्रा डोळा कायमचा निकामी करू शकतो. पिस्तूल नेहमी भरलेले आहे असे समजूनच हाताळावे, त्याचे तोंड लक्ष्याखेरीज कोठेही वळवू नये, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे आणि वापर नसताना नळीत रंगीत दोरी घालून ठेवावी. घरी ते आणि छर्रे वेगवेगळ्या कुलपांत असावेत. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर हात धुतल्यावाचून काही खाऊ नये. पिस्तुलासारखी वस्तू घेऊन मुलाने रस्त्याने उघड्यावर जाणे तर सर्वथा टाळावे.

प्रत्येक घराने पिस्तूल विकत घ्यावे, याची मुळीच आवश्यकता नाही. परिसरातील दोन-चार शाळांनी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली एकत्र येऊन प्रशिक्षक, बंदिस्त जागा, भक्कम मागची भिंत आणि लहान व मध्यम मुठीची एकेक पिस्तुले एवढी सिद्धता केली, तरी अनेक मुलांची पारख होऊ शकते. मुलाने असे सहा महिने नियमित शिकावे, गुणांची वही ठेवावी आणि त्यानंतरच पालकांनी खरेदीचा विचार करावा. तोवर त्याच्या हाताचे माप, डोळ्याची जात आणि मनाचा निग्रह या तिन्ही गोष्टी प्रशिक्षकास कळलेल्या असतात.

पालक विचारावयास येतील तेव्हा गुरुजींनी आणि पंचायतीच्या सदस्यांनी पिस्तुलाचे नाव सांगण्याऐवजी जवळच्या रेंजचा पत्ता सांगावा. ज्या घरात मुलाच्या शिक्षणासाठी आधीच कर्ज काढलेले असते, त्या घरास हा सल्ला मोठ्या खर्चापासून आणि मोठ्या निराशेपासून वाचवील. पिस्तूल उद्याही मिळेल. परंतु चुकीच्या पिस्तुलावर जडलेली सवय मोडण्यास कित्येक वर्षे लागतात.