कायदेशीर गांजा आणि कोवळा मेंदू
कॅनडाने 17 ऑक्टोबर 2018 रोजी गांजा कायदेशीर करताना खरेदीचे किमान वय 18 ठेवून ते वाढवण्याची मुभा प्रांतांना दिली आणि क्वेबेकने 2020 मध्ये ते 21 वर नेले, ही सावधगिरी योग्यच होती. गांजातील टीएचसी हे नशा आणणारे रसायन मेंदूपेशींवरील ज्या ग्राहींना, म्हणजे रासायनिक संदेश टिपणाऱ्या प्रथिनांना, चिकटते, तेच ग्राही पौगंडावस्थेत मेंदूच्या जडणघडणीत भाग घेतात आणि ही जडणघडण साधारण पंचविशीपर्यंत चालते. त्यामुळे त्या वयातील रोजच्या सेवनाचा मनोविकृतीशी, म्हणजे वास्तवाचे भान सुटण्याशी, आढळलेला संबंध गंभीरपणे घ्यावा लागतो. गांजायुक्त खाद्यपदार्थ विक्रीस आल्यावर तर ते खाऊ समजून खाल्लेल्या लहानग्यांना रुग्णालयात दाखल करण्याचे प्रसंग वाढले. अशा गोळ्या-चॉकलेटांना मनाई करणाऱ्या क्वेबेकमध्ये मात्र ही वाढ कमी राहिली.