हवा नेमकी जाते कुठून?

अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलचे सुवर्णपदक पटकावले. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरो येथे याच प्रकारात जगज्जेता ठरला. अशा यशानंतर अनेक घरांतील मुले या खेळाकडे वळली आणि पालकांपुढे एक नवीच तक्रार आली : ‘रायफलमध्ये हवा भरली, पण ती टिकत नाही.’

स्पर्धेतील आजच्या एअर रायफली पूर्वदाबित हवेवर चालतात. नळीखालील सिलिंडरमध्ये साधारणतः २०० बार दाबाची हवा साठवलेली असते. मोटारीच्या टायरमधील दाब जेमतेम दोन बार असतो, म्हणजे हा त्याच्या शंभरपट झाला. रेग्युलेटर हा दाब कमी करून प्रत्येक छर्ऱ्यामागे सारखीच हवा सोडतो. पात्रता फेरीत ७५ मिनिटांत ६० नेम साधायचे असतात. गळतीमुळे सिलिंडरमधील दाब रेग्युलेटरच्या पातळीखाली उतरला, तर छर्ऱ्याचा वेग घटतो आणि अचूक नेमही खाली लागतो. दोष खेळाडूचा नसतो, पण गुण त्याचेच जातात.

खरी गळती की भास?

हवा वेगाने भरली की सिलिंडर तापतो. ४५ अंश सेल्सिअस तापमानाला काटा २०० बार दाखवत असेल, तर सिलिंडर २५ अंशांवर आल्यावर तोच काटा सुमारे १८७ वर येतो. यात हवेचा कणही बाहेर गेलेला नसतो. म्हणून हवा सावकाश भरावी, सिलिंडर निवू द्यावा आणि मगच आकडा लिहून ठेवावा. दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत, साधारण त्याच वेळी तो पुन्हा पाहावा. आकडा उतरला असेल, तरच गळती समजावी.

जागा ओळखा

भरतानाच जोडाशी फुस्स आवाज येत असेल, तर आधी दाब सोडण्याचा स्क्रू नीट बंद आहे का, ते पाहावे. तो बंद असेल, तर जोडातील रबरी ओ-रिंग बहुधा चिरलेली, सुकलेली किंवा जागेवरून सरकलेली असते. काही रुपयांचे हे कडे बदलले की प्रश्न मिटतो.

हवा भरली जाते, पण भरणी-नळी काढताच निघून जाते, असे असेल तर आत येणारी हवा अडवणाऱ्या झडपेवर संशय घ्यावा. तिच्या बैठकीत धुळीचा एखादा कण अडकला, तरी ती पूर्ण मिटत नाही.

हवा नळीच्या तोंडातून येत असेल, तर छर्ऱ्यामागे हवा सोडणारी झडप मिटलेली नसते. सिलिंडर न काढता भरायच्या काही रायफलींमध्ये दाब शून्य असताना हॅमर याच झडपेवर टेकून राहतो. अशा रायफली भरण्यापूर्वी कॉक कराव्यात, असे उत्पादकांच्या पुस्तिकेत सांगितलेले असते. अर्थात, त्या वेळी आत छर्रा नसल्याची खात्री करावी आणि नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवावे.

संथ गळतीची परीक्षा सोपी आहे. सिलिंडर सुटा होणारा असेल, तर तो काढून २४ तास बाजूला ठेवावा. दाब उतरला, तर दोष सिलिंडरच्या झडपेत किंवा दाबमापकाच्या जोडात आहे. दाब टिकला, तर दोष रायफलमध्ये आहे. बाहेरील जोडांवर साबणाच्या पाण्याचा बोट फिरवला की बुडबुडे जागा दाखवतात. मात्र, हे पाणी नळीत किंवा रेग्युलेटरमध्ये जाता कामा नये.

हे कदापि करू नये

दाब असताना कोणताही जोड सैल करू नये. उडालेला स्क्रू छर्ऱ्यापेक्षा कमी घातक नसतो. ओ-रिंगला शिलाई मशिनचे तेल लावू नये, कारण उच्च दाबाखाली खनिज तेल पेट घेऊ शकते. उत्पादकाने सांगितलेले सिलिकॉन ग्रीस नखभर पुरते. ऑक्सिजनच्या सिलिंडरमधून तर कधीही भरू नये. त्यात स्फोटाचा धोका आहे. हातपंप वापरणाऱ्यांनी, विशेषतः मुंबई-कोकणातील पावसाळ्यात, पंपात साचणारे पाणी वेळोवेळी काढावे. ओलसर हवेने आतील भाग गंजतात आणि झडपा खराब होतात.

सिलिंडरवर निर्मितीची तारीख कोरलेली असते. अनेक उत्पादक तो दहा वर्षांनी बदलण्यास सांगतात. मुदत उलटलेला सिलिंडर गळत नसला, तरी वापरू नये.

बाहेरील ओ-रिंग बदलणे आणि जोड स्वच्छ ठेवणे, एवढेच घरचे काम. झडप, रेग्युलेटर आणि दाबमापक उघडणे हे जाणकार तंत्रज्ञाचे काम आहे. त्याच्याकडे जाताना मात्र ‘हवा जाते’ एवढेच सांगू नये. ती कुठून जाते आणि किती तासांत किती बार उतरते, हे लिहून न्यावे. निम्मे निदान त्यातच झालेले असते.